घटत जाण्याचा धडा

२२ जून, रविवार

आज कुंदन येऊन गेला. पिंपळनेरच्या शाळेत माझ्या हाताखाली शिकला, इंग्रजीत दोनदा आपटला आणि आता जळगावात स्पर्धा परीक्षांचा क्लास चालवतो. पोरांसाठी इंग्रजी शब्दांचं पुस्तक काढतोय, त्यातला एक धडा मी लिहावा म्हणतो. विषय असा, की हळूहळू कमी होत जाणं दाखवणारे इंग्रजी शब्द. प्रत्येकाचा मराठी अर्थ आणि एक वाक्य, तेही आपल्याकडचं. "सर, बाजारातल्या पुस्तकांत सगळी वाक्यं लंडनची असतात. आपल्या पोरांना टेम्स नको, आपली वाघूर नदी द्या."

मी म्हटलं, "बाबा रे, योग्य माणसाकडे आलास. केस गेले, दात चाललेत, पेन्शनर मित्र एकेक करून निघालेत. माझ्याकडे या विषयाचा साठा भरपूर आहे." तो हसला. पण मला मनातून फार बरं वाटलं. शाळा सुटल्यापासून इंग्रजीचं कुणी काही विचारलं नव्हतं.

सुनंदा चहा घेऊन आली आणि कप ठेवता ठेवता तिने डाव्या बाजूचा पाण्याचा ग्लास पाडला. कुंदनची पँट भिजली. हल्ली हिचं लक्षच नसतं.

२५ जून, बुधवार

पहिला शब्द ड्विंडल. माणसं, साठा, गर्दी यांचं रोडावत जाणं. वाक्य शोधायला घराबाहेर जावं लागलं नाही. आमच्या कानबाईच्या रोटांचे गहू वर्षानुवर्षं ड्विंडल होत आहेत.

कुंदनकडे नगर-मराठवाड्याचीही पोरं असतात, म्हणून टीप जोडली. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई देवी बसते. त्याआधी घरातली वडील बाई कुळातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजते आणि फडक्यात बांधते. त्या पिठाचे रोट कुळातल्यांनीच खायचे आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. जे गावाला असतील त्यांचं नाव घेऊन मूठ टाकायची, जे हजर असतील त्यांच्या तोंडाकडे पाहून. ज्याची मूठ त्यात नाही तो रोटातून वेगळा निघाला. टीप वाक्यापेक्षा लांब झाली. मास्तरचा हात आहे, चालायचंच.

आई मोजायची तेव्हा जामनेरजवळच्या आमच्या गावी ओसरीवर गव्हाची रास लागायची. आम्ही सगळी चुलत-सख्खी पोरं अंघोळी करून उभी. आई एकेकाकडे पाहायची, मूठ भरायची, वर चिमटीने थोडे आणखी टाकायची. माझी मूठ राशीत पडली की मला वाटायचं, आता आपण या घरात पक्के झालो. आता त्या राशीच्या जागी एक छोटं गाठोडं असतं. पिठाच्या डब्यात मावतं.

मोठी वहिनी गेल्यापासून कानबाई आमच्याकडे जळगावला बसते आणि सुनंदा मोजते. जुन्या वळणाची बाई. माझं नाव घेत नाही, माझ्या थोरल्या भावाचं, जीवरामभाऊचंही घेत नाही. त्यामुळे आम्हा दोघांना मोजणीला हजर राहावंच लागतं. भाऊ गावाहून दर वर्षी येतो. केळीचं पाणी कुणावर तरी सोपवतो, पण येतो.

४ जुलै, शुक्रवार

वेन. चंद्राची कला उतरते तो वेन, माणसाचा उत्साह उतरतो तोही वेनच.

शेजारची नूतन आज म्हणाली, "सर, काकू हल्ली फार भाव खातात. काल जिन्यात मी बाजूला उभी होते, हसले, हात केला. बघितलंसुद्धा नाही." मी सारवासारव केली, आणि घरात येऊन वाक्य लिहून टाकलं: सुनंदाचा शेजाऱ्यांमधला रस वेन होऊ लागला आहे.

नजरेचा प्रश्नच नाही. पेपरातलं मुंगीएवढ्या टाइपातलं राशिभविष्य ती घडाघडा वाचते. सुईत दोरा मला जमत नाही, ती पहिल्या झटक्यात ओवते. मग टेबलाचा कोपरा कमरेला कसा लागतो आणि गल्लीतली मोटरसायकल हिच्या अंगावर "कुठून उगवते" हे तिचं तिलाच ठाऊक. मन थाऱ्यावर नाही, दुसरं काय.

एक गोष्ट मात्र वाढली आहे. रस्त्याने चालताना ती माझी बाही धरते. पिंपळनेरला नवी नवरी असताना आठवड्याच्या बाजारात माझ्या चार पावलं मागे चालायची, शाळेतली पोरं पाहतील म्हणून. मी वळून बघितलं की पदरात हसायची. त्या बाजारात डांगराचे ढीग असायचे, सुकलाल नावाचा एक म्हातारा डोंगरातून मोहाची फुलं आणायचा, आणि हिच्या हसण्यामुळे मी दर वेळी काहीतरी विकत घ्यायचं विसरायचो. आता साठी उलटल्यावर बाही धरते. धड्यात वाढीचे शब्द घ्यायचे नाहीत, नाहीतर हे वाक्य पहिलं घातलं असतं.

१३ जुलै, रविवार

वाईट बातमी. भाऊचा मुलगा ललित सुरतेला असतो, त्याचा फोन आला. "काका, यंदापासून मी इथंच कानबाई बसवतो. रजा मिळत नाही, पोरांची शाळा. बाबांनाही इकडेच बोलावलंय." म्हणजे रोट वेगळे केले. मी "चांगलं आहे, देव कुठेही बसला तरी देवच" असं म्हणालो आणि फोन ठेवला.

सुनंदाचं तोंड उतरलं. "ललित गेला तर जाऊ दे. दादा नाही ना निघणार?" भाऊला ती दादा म्हणते. मी म्हटलं, "तो कसा निघेल?" पण खात्री नाही. भाऊ निघाला तर उरलो मी, पुण्यातला आमचा हितेंद्र आणि त्याचा मुलगा. हितेंद्र फोनवरच "हो बाबा, माझी मूठ टाका" म्हणतो. ड्विंडलच्या पुढचा शब्द आहे पीटर आउट, म्हणजे घटत घटत पार संपून जाणं. तो आज लिहावासा वाटला नाही.

२० जुलै, रविवार

सुनंदाच म्हणाली, आपण जाऊन दादांना आमंत्रण देऊ. म्हणून एसटीने गावी.

भाऊ बागेत होता. केळीचे घड लागलेत. मी त्याच्याबरोबर सरीतून निघालो, सुनंदा मागे. भाऊ तिच्याशी थेट बोलत नाही, इतक्या वर्षांत बोललेला नाही. जेठ आणि भावजय, जुना रिवाज. तो नेहमी तिच्या एका बाजूला, जरा लांब, तोंड दुसरीकडे करून उभा राहतो, आणि ती पदर पुढे ओढून घेते. जे काय बोलायचं ते माझ्यामार्फत. "लीलाधर, तिले सांग, इकडं ठिबकच्या नळ्या हायेत, पाय अडकीन." मी वळून सांगेपर्यंत ती अडखळून पडली होती. लागलं नाही. मातीतून उठून हसली.

जेवताना मी विषय काढला. भाऊ भाकर मोडत म्हणाला, "ललित म्हने तिकडं या. मी म्हनलं, आईची मूठ जिथं व्हती तिथं माही मूठ." मग खाली बघून म्हणाला, "तिच्या मनात असंन तं." मी म्हटलं, असं का म्हणतोस? तर म्हणे, "मागच्या खेपेला मी दारात उभा, ती तशीच घरात गेली. पानी बी इचारलं नाही. म्हातारा मानूस जड व्हते, मास्तर." मी त्याला उडवून लावलं.

घरी येताना मन भरून आलं होतं. एसटीत टेपर या शब्दाचा विचार करत होतो. एका टोकाकडे निमुळतं, अरुंद होत जाणं. केळीच्या घडाचं वाक्य जमेल का? नीट बसत नाही. राहू दे.

१ ऑगस्ट, शुक्रवार

लिहायला हात उठत नाही, पण लिहितो.

भाऊ दुपारी, ऐन मोजणीच्या वेळी आला. धोतर, कोरी टोपी, पिशवीत केळी. सुनंदा पाटावर बसलेली, समोर परात, फडकं. आधी हितेंद्रचं आणि नातवाचं नाव घेऊन मुठी टाकल्या. मग माझ्याकडे पाहिलं, माझी टाकली. भाऊ रिवाजाप्रमाणे तिच्या डाव्या हाताला, दाराच्या चौकटीशी उभा होता. हात जोडून.

तिने मान वर केली. समोर पाहिलं. थांबली. पुन्हा पाहिलं. मग तिने फडक्याची गाठ मारली.

मला वाटलं माझंच काही चुकतंय. गाठ मारली की सोडत नाहीत, हे घरात कोणाला सांगावं लागत नाही. भाऊने जोडलेले हात सोडले. पिशवी तशीच ठेवून तो बाहेर पडला. जिन्यात मला म्हणाला, "केयीले पानी द्याचं राहिलं," आणि चहासुद्धा न घेता निघाला. मी रिक्षापर्यंत मागे गेलो. तो म्हणाला, "मास्तर, जित्या मानसाची मूठ टाकली नाही तिनं. आता आपलं काय राह्यलं?"

२ ऑगस्ट, शनिवार

भांडण. मी म्हटलं, "चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस हात जोडून उभा होता आणि तू गाठ मारलीस. कसला राग काढलास?" ती रडायला लागली, आणि रडताना तिची धुळ्याकडची माहेरची बोली बाहेर येते ती आली. "मी खोटं बोली राहिनी का? मी बठ्ठास्ना तोंडं दखात. दादा नव्हतात! माले वाटनं, ललितकडे गयात. मन्हा जीव तुटना नं गाठ मारताना!"

सगळ्यांची तोंडं पाहिली म्हणते, भाऊ नव्हताच म्हणते! मी म्हटलं, तुझ्या हातापासून दोन हातांवर उभा होता तो. माणूस असं खोटं बोलू शकतो हे मला या वयात कळलं. असं वाईट वाक्य मी तिला आयुष्यात बोललो नव्हतो.

३ ऑगस्ट, रविवार

कानबाई बसली. नारळाला डोळे, नाक, नथ, सगळं सुनंदानेच काढलं, कोरून ठेवावं इतकं रेखीव. खीर, पुरण, गंगाफळाची भाजी, सगळं झालं. संध्याकाळी गल्लीतल्या बायका गाणी म्हणायला आल्या. पूर्वी गावी गाण्यांबरोबरच्या फुगड्यांनी ओसरीची जमीन उखडायची आणि दुसऱ्या दिवशी आई हसत हसत ती सारवायची. भाऊ तेव्हा तरणा, बायकांची चेष्टा करायला माडीवरून लाह्या फेकायचा आणि आईचा मार खायचा. सगळं डोळ्यांपुढून जात होतं. आरतीच्या वेळी मी आणि ती एकमेकांशी बोललो नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

काल मेहरूण तलावावर कानबाईचं विसर्जन करून आलो. अबोला चालूच आहे. किंवा चालू होता.

सकाळी चहाची वेळ झाली. हाक मारायची नाही असं मी ठरवलं होतं. स्वयंपाकघरात गेलो आणि तिच्या डाव्या बाजूला, ओट्याला टेकून, हात पुढे करून उभा राहिलो. म्हटलं देईल कप, घेऊ. तिने चहा गाळला. बशी ठेवली. मग तोंड वर करून बेडरूमच्या दिशेने मोठ्याने ओरडली, "अहो, चहा झाला! रागावलात तरी चहा प्या!"

मी तिच्या कोपराशी होतो. माझ्या श्वासाची फुंकर तिला लागावी इतका जवळ.

मी हात हलवला. काही नाही. हात हळूहळू तिच्या तोंडापुढे नेला, आणि मधोमध आला तेव्हा ती किंचाळली. "कुठून आलात?"

मी म्हटलं, "इथेच होतो." ग्लास, टेबलाचा कोपरा, नूतन, मोटरसायकल, नळ्या, दारातला भाऊ, माझी बाही. सगळं एकदम आठवलं. बाही! मी त्याचं काय समजत होतो.

६ ऑगस्ट, बुधवार

डोळ्यांचा दवाखाना. तिला एका यंत्रात तोंड घालून बसवलं, दिवा दिसला की बटण दाबायचं. मी बाजूच्या पडद्यावर पाहत होतो. दिवे लागत होते आणि ती शांत बसली होती, अगदी आज्ञाधारक मुलीसारखी. फार वेळाने एकदा दाबायची.

काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, कडेची नजर आधी जाते, मधली शेवटपर्यंत राहते, म्हणून सुई ओवता येते आणि शेजारचा माणूस दिसत नाही. गेलं ते परत येणार नाही. रोज थेंब घातले तर उरलेलं टिकवता येईल. त्यांनी कागदावरचं चित्र दाखवलं. सगळीकडून काळं होत आलेलं, मधोमध थोडं पांढरं. टेपरचं वाक्य मी पंधरा दिवस शोधत होतो. ते घरातच फिरत होतं, चहा करत होतं. ते मी पुस्तकात लिहिणार नाही. वेनचं वाक्यही खोडलं. कुंदनला सांगितलं, धडा उशिरा मिळेल.

रिक्षात मी विचारलं, "तुला कळलं कसं नाही गं?" ती म्हणाली, "एकदम गेलं असतं तर कळलं असतं ना. मला वाटायचं, माणसंच हल्ली जवळ येऊन उभी राहत नाहीत." मग थोड्या वेळाने म्हणाली, "दादांना फोन करा. बाकीचं राहू द्या." मी तिची क्षमा मागितली. रिक्षावाल्यादेखत. तिने माझी बाही धरली.

७ ऑगस्ट, गुरुवार

भाऊला फोन. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मास्तर, तुले शब्द चांगले जोडता येतात. पेपर वाचते, सुई ओवते, अन एवढा मोठा मानूस दिसला नाही? मले येडा समजतो का?"

मी चिडलो. म्हटलं, "भाऊ, तिच्या लग्नापासून आजपर्यंत तू एकदा तरी तिच्या समोर उभा राहिलायस का? कायम बाजूला. ती बाजूच गेलीय." फोन कट झाला.

परवा पौर्णिमा. रोट संपत आलेत. भाऊने एक घास न खाता पौर्णिमा उलटली की संपलं, मग तो वेगळा. सुनंदाने आज दोनदा दार उघडून पाहिलं. दोन्ही वेळा मान पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवून. डॉक्टरांनी शिकवलंय तसं.

९ ऑगस्ट, शनिवार. पौर्णिमा

सकाळपासून कुणी नाही. दुपारी जेवणं झाली. शेवटचा रोट सुनंदाने झाकून ठेवला, खाऊ दिला नाही.

चारच्या सुमाराला भाऊ आला. पायात चिखल, म्हणजे बागेतून तसाच निघालेला. आत आला आणि नेहमीच्या जागी, चौकटीशी, थांबला. क्षणभर उभा राहिला. मग स्वतःशीच मान हलवून पुढे आला, स्वयंपाकघरातला पाट उचलला आणि सुनंदाच्या बरोबर समोर, हातभर अंतरावर, टाकून बसला. गुडघे कडकड वाजले.

सुनंदाचा हात सवयीने पदराकडे गेला.

"पदर नको घेऊ," भाऊ म्हणाला. माझ्याकडे न बघता, तिच्याकडे बघत. तिच्याशी बोललेलं त्याचं पहिलं वाक्य. "तोंड झाकशीन तं मी पुन्हा गायब. दिसू राह्यलो का?"

ती पाहत राहिली. थोडं वर, थोडं खाली, कपाळ, मिशा, हनुवटी. एका वेळी सगळा चेहरा मावत नसावा. मग म्हणाली, "दिसता. किती म्हातारे झालात, दादा!"

भाऊ हसला, आणि हसता हसता त्याला रडू आलं. मलाही. त्याने खिशातून रुमाल काढला, त्यात शेतातले गहू होते. "हे आनले. मोजता येतीन का आता? गाठ तं पडली."

मी नियमाचं काही बोलणार होतो, सुनंदाने मला हातानेच गप्प केलं. "चंद्र उगवायला अवकाश आहे," ती म्हणाली. "एवढे गहू मिक्सरमधूनही निघतील." तिने परात ओढली. मूठ भरली, वर चिमटीने आणखी टाकले. नुसतं पाहून टाकायची मूठ, पण ती थांबली. माझ्याकडे एकदा मान वळवून पाहिलं, जणू परवानगी, आणि मग समोर बघून स्पष्ट आवाजात म्हणाली, "जीवरामदादा."

भाऊ म्हणाला, "हाव."

आई गेल्यानंतर या घरात त्याला नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं.